कागदाची उर्दू

महाड-पोलादपूरकडच्या आम्हा कोकणी मुसलमानांची मातृभाषा उर्दू नाही, हे आधी सांगून टाकतो. मी उर्दूचा मास्तर आणि अनुवादक आहे म्हटलं की समोरच्याच्या बोलण्याला एकदम लखनवी अदब चढते. आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ ‘तशरीफ रखिये’ चालत असणार, अशी त्याची समजूत असते. घरात चालते ती कोकणी. तिचं व्याकरण मराठीच्या वळणाचं. मासळीची नावं, भाताच्या जाती, शिव्या, लाडाचे शब्द, सगळं सावित्री नदीच्या काठचं. उर्दू येते ती सहाव्या वर्षी, शाळेतून, आणि येते ती लिहिण्याची भाषा म्हणून. पुष्कळांच्या आयुष्यात ती तेवढीच राहते. लग्नाचा कागद, मशिदीचा जमाखर्च, जमातीच्या बैठकीचं इतिवृत्त, कबरीवरचा दगड, मुंबईहून येणारं ‘इन्किलाब’ आणि ‘नक्श-ए-कोकण’ हे मासिक. वाचली, लिहिली, सही केली. उठून बाजारात गेल्यावर पुन्हा कोकणी किंवा मराठी.

माझं सगळं काम याच उर्दूतलं. शायरीतली नव्हे, कागदावरची.

अनुवाद मी शिकलो तो शाळकरी वयात, बायकांची पत्रं लिहून देताना. गावातले पुरुष आधी जहाजावर, पुढे कुवेत-दुबईला. मागे राहिलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणींना लिहिता येत नसे. दुपारची भांडी आवरली की कुणीतरी खालाजान एरोग्राम घेऊन यायच्या, पाय पसरून बसायच्या आणि कोकणीत सुरू व्हायच्या. पडवीचं कौल फुटलंय, म्हैस व्यायली, सासूचा खोकला जात नाही, दिराने बांध सरकवलाय, ईदेच्या आधी पैसे पाठवा नाहीतर पाठवूच नका. मी हे सगळं ऐकायचो आणि लिहायचो, ‘बाद सलाम के वाजेह हो कि यहाँ सब खैरियत है और आपकी खैरियत खुदावंद करीम से नेक मतलूब है’. पत्राची सुरुवात अशीच करायची, हे उस्तादांनी घोटून घेतलेलं. मग खैरियत आहे असं लिहून झाल्यावर फुटलेलं कौल, खोकला आणि बांध. वाचून दाखव म्हटलं की मी वाचायचो आणि त्या थक्क व्हायच्या. हे मी कधी बोलले, असं एकीने सरळ विचारलं होतं. पण बदलून लिहू का म्हटल्यावर नको म्हणाल्या. कागदावर असंच शोभतं.

तिकडे जहाजावर ते पत्र नवऱ्याच्या हातात पडलं की तोही बहुधा स्वतः वाचत नसे. कुणी शिकलेला सोबती वाचायचा आणि उर्दू ओळीखालची कोकणी बाहेर काढून त्याला सांगायचा. एका पत्रात दोन अनुवाद, दोन्ही बिनपैशाचे. बायको जे बोलली तेच नवऱ्याच्या कानी पडत असेल का, याचा विचार मी पुष्कळ वर्षांनी केला. बहुतेक पडत असावं. कौल फुटलंय हे कुठल्याही भाषेतून कळतंच. रागाचं मात्र सांगता येत नाही.

आता तीच पत्रं माझ्याकडे उलट्या वाटेने येतात. नातवंडं इंग्रजी किंवा मराठी शाळेत शिकलेली, त्यांना उर्दू लिपी वाचता येत नाही. आजोबांच्या पेटीत सापडलेल्या पत्रांचे फोटो काढून ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. मी मराठी टाइप करून पाठवलं की निरोप येतो, सर, कोकणीत वाचून व्हॉइस नोट करा ना, आजीला ऐकवायचंय. मी करतो. याचेही पैसे मागायची लाज वाटते.

नोकरीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत लागलो, आधी पोलादपूर तालुक्यात, मग महाडला. पुस्तकं बालभारतीची, उर्दू माध्यमाची. परिपत्रकं मात्र सगळी मराठीत. पोषण आहाराचा तक्ता असो की लसीकरणाची सूचना, पालकसभेत ती कोकणीत समजावायची आणि शाळेच्या फळ्यावर उर्दूत लिहायची. उर्दू शाळेचा मास्तर निवृत्त होईपर्यंत बिनखात्याचा अनुवाद अधिकारी असतो. त्यामुळे लोक कागद घेऊन घरी यायला लागले तेव्हा मला वेगळं काही सुरू केल्यासारखं वाटलंच नाही.

येणाऱ्या कागदांत सगळ्यांत जास्त निकाहनामे. पासपोर्ट, कौटुंबिक निवृत्तिवेतन, वारसांचं प्रकरण, काहीही असलं तरी कुठेतरी आजी-आजोबांचं लग्न सिद्ध करावं लागतं. जुने निकाहनामे छापील कोऱ्या फॉर्मवर भरलेले. दूल्हा, दुल्हन, वली, वकील, गवाह, आणि मेहरची रक्कम, ‘सिक्का राइज-उल-वक्त’ म्हणजे त्या वेळी चालू असलेल्या नाण्यात. हे सगळं सोपं. घोळ तारखेत.

एक उदाहरण देतो. कागदावर ११ रजब १३६६ हिजरी, बरोज यकशंबा, म्हणजे रविवार. इंग्रजी तारीख नाही. हिजरी-इसवी जंत्री काढली की ११ रजब १३६६ ला ३१ मे १९४७ येते. पण ३१ मे १९४७ ला शनिवार होता. म्हणजे कागद खोटा? अजिबात नाही. जंत्री गणिताने चालते आणि महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो. कोकणात त्या महिन्याचा चंद्र एक दिवस उशिरा दिसला असेल, तर ११ रजब रविवारी, १ जूनला पडते. जंत्री आणि वार भांडायला लागले की मी वाराच्या बाजूने उभा राहतो. लिहिणाऱ्याची तारखेत चूक होऊ शकते, पण आज रविवार आहे हे मांडवात बसलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

एवढ्यावर भागत नाही. इस्लामी दिवस मगरिबला, सूर्य मावळल्यावर बदलतो. शनिवारी रात्री लागलेला निकाह कागदावर रविवारचा होऊ शकतो, म्हणजे पुन्हा ३१ मे. मग मी कागद खिडकीपाशी नेला आणि कोपऱ्यातली बारीक ओळ वाचली, ‘बाद नमाज-ए-असर’. असरची नमाज दुपार कलल्यावरची, उजेडातली. म्हणजे रविवारचीच संध्याकाळ. १ जून १९४७. हा सगळा हिशेब मी अनुवादाखाली टीप म्हणून लिहून दिला. ज्या कचेरीत तो कागद जायचा होता तिथल्या बाबूंनी टीप वाचली आणि म्हणाले, टीप काढा, तारीख तेवढी ठेवा. त्यांच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये दिवस, महिना, वर्ष एवढ्याच चौकटी होत्या. मी टीप काढली, पण माझ्या प्रतीवर ठेवली. कधीकाळी कुणी जंत्री घेऊन बसेल आणि मला मूर्ख ठरवेल, त्याच्यासाठी.

दुसरा घोळ नावांचा. उर्दूत ळ नाही, ण नाही. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहितच नाहीत. आमच्यात आडनावं आहेत दळवी, देशमुख, मुकादम; मोहल्ल्याचं नाव काकरतळे. दळवी उर्दूत लिहिलं की दलवी होतं आणि काकरतळे काकरतले. शाळेच्या उर्दू दाखल्यावरून कुणीतरी नागरीत दलवी उतरवून घेतं, तिथून ते आधारकार्डावर जातं, आणि सातबारावर तलाठ्याने पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं दळवी असतं. मग दोघे एकच माणूस असल्याचं प्रतिज्ञापत्र. एका अक्षरापायी नोटरीची फी भरणारी घरं या तालुक्यात कितीतरी निघतील. मी अनुवादात नेहमी घरात बोलतात तसंच आडनाव लिहितो, आणि मूळ लिपीत ते अक्षरच नाही असं खाली नोंदवतो. ही टीप मात्र अजून कुणी काढायला लावलेली नाही.

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. त्याच दिवशी तळियेवर दरड आली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर आली. माणसं गेली तिथे कागदाचं दुःख कुणी काढलं नाही आणि काढूही नये. कागद माझ्याकडे आले ते चिखल उपसून, पंचनामे होऊन, लोक जरा टेकल्यावर. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, पत्र्याच्या डब्यांत, काही अजून ओले. उन्हात घालू नका, पंख्याखाली टिपकागदात ठेवा, पानं ओढून सोडवू नका, एवढंच मला सांगता येत होतं. सगळ्यांत वाईट अवस्था लॅमिनेशन केलेल्यांची. जपायचे म्हणून केलेलं लॅमिनेशन. कडेने पाणी आत शिरलं ते बाहेर यायला वाट नाही, आत बुरशी.

त्या वेळी एक निकाहनामा मी उघडला आणि काय बोलावं सुचेना. छापील मजकूर टकटकीत. दूल्हा का नाम, वल्द, साकिन, दुल्हन का नाम, मेहर, गवाह अव्वल, गवाह दोम, सगळं जागच्या जागी. पण भरलेली माहिती फाउंटन पेनच्या निळ्या शाईतली; ती पसरून सगळ्या कागदाला फिकट निळा रंग आला होता. विचारलेलं राहिलं होतं आणि सांगितलेलं वाहून गेलं होतं. घरच्यांना नावं पाठ होती. साक्षीदार कोण, मेहर किती, वकील कुठल्या गावचा, सगळं त्यांनी सांगितलं आणि म्हणाले, सर, तुम्ही अनुवादात लिहून टाका, मूळ कोण वाचणार आहे? मी नाही लिहिलं. अनुवाद कागदावर आहे त्याचा करायचा, घरच्यांच्या आठवणीचा नव्हे; आठवणीसाठी प्रतिज्ञापत्र असतं. काझींच्या दफ्तरात प्रत असते, तिची नक्कल काढा म्हटलं. ते चिडून गेले. आपल्याच माणसाने अडवलं, असं नंतर कानावर आलं. नक्कल मिळाली की नाही ते मला कळलं नाही, कारण त्यानंतर ते माझ्याकडे आले नाहीत.

जमिनीच्या कागदांत उर्दू फारशी नाही. इथे राज्य इंग्रजांचं, जिल्हा कुलाबा, आणि जुने दस्त मराठीत, मोडी लिपीत. त्यामुळे या भागात नुसती उर्दू येऊन चालत नाही. मी मोडी उतारवयात शिकलो ती एका खरेदीखतामुळे. वरचा मजकूर सगळा मोडी आणि खाली घेणाऱ्याची सही झोकदार उर्दूत. सही मला वाचता येत होती, पण त्याने सही कशावर केली ते नव्हतं येत. गंमत अशी की मोडी उलगडल्यावर आत पुन्हा माझेच शब्द निघाले. दस्त, फरोक्त, मुखत्यार, वारस, जप्ती, हद्द. उर्दू दस्ताचा मराठी अनुवाद करून दिला की गिऱ्हाईक दोन्ही कागद शेजारी धरून म्हणतं, सर, पैसे कसले घेताय, निम्मे शब्द तर तेच आहेत!

तेच आहेत, कारण कागदाची भाषा कुणाच्या घरची नसते हे इथे पूर्वीपासून चालत आलंय. आमच्या डोक्यावर रायगड उभा आहे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यायला लावले, तो राज्यव्यवहारकोश रघुनाथपंतांच्या नावावर आहे. त्याच महाराजांच्या पदरी फारसी पत्रव्यवहारासाठी काझी हैदर होते. फारसी तेव्हा या खोऱ्यात कुणी पोरांना अंगाईतून शिकवत नव्हतं, पण कचेरी तिच्यावर चालायची. कोश झाला आणि शब्दही उरले. आमच्या तहसीलदाराचं पदनाम हीच साक्ष. अनुवादकाने हे बघितलं की त्याची घमेंड उतरते. राजाज्ञेने केलेला अनुवाददेखील लोक सोयीपुरताच घेतात.

मराठवाड्यात हे आणखी ठळक आहे. निजामाच्या राज्यात शाळा उर्दू, कचेरी उर्दू, कोर्ट उर्दू. तिथल्या जुन्या पिढीतल्या ब्राह्मण, मराठा, लिंगायत घरांतल्या मुलांनी उर्दू शिकली ती आम्ही शिकलो तशीच, कागदासाठी. २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी तपासायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन उर्दू आणि मोडी कागद वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. उर्दू येणं हे मराठा समाजाच्या उपयोगी पडतंय, हे बघून इकडचे काहीजण चकित झाले. मी नाही झालो.

आणि त्याच मातीतून सेतुमाधवराव पगडी आले. निलंग्याचे, जन्म १९१०. नोकरी सनदी अधिकाऱ्याची, पुढे गॅझेटियरचं काम. मोगलांची फारसी साधनं त्यांनी मराठीत आणली, म्हणून शिवकालाचे अभ्यासक त्यांना मानतात. मिर्झा गालिब मराठी वाचकाला नीट समजावून सांगितला, म्हणून मी मानतो. त्यांचं गद्य वाचताना पदोपदी वाटतं की या माणसाने आयुष्यभर फायली वाचल्यात. विशेषणांची उधळण नाही. शेराचा अर्थ ते असा सांगतात की त्यावर सही-शिक्का मारता यावा. गालिबवर मराठीत डोळे मिटून, मान डोलावून लिहिलेलं पुष्कळ आहे. मला त्या सगळ्यापेक्षा पगडींची कोरडी पद्धत जवळची वाटते.

माझ्या टेबलावर कायम असतो तो उर्दू-मराठी शब्दकोश, श्रीपाद जोशी आणि निजामुद्दीन गोरेकर यांचा, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९६८ मध्ये काढलेला. जोशी कोल्हापूरचे. गोरेकर मुंबईत उर्दू-फारसीचे प्राध्यापक. असे जोडीने केलेले कोश मला फार आवडतात. एकट्याने केला की कोशकाराला जे येत नाही ते सरळ गळतं. जोडीदार असला की तो विचारतो.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात राहिली आहे. उर्दूतून मराठीत आणणारे बरेचसे देशावरचे, मराठवाड्याचे. मराठीतून उर्दूत नेणाऱ्यांत कोकणची माणसं ठळक. अब्दुस्सत्तार दळवी मुंबई विद्यापीठात उर्दूचे प्राध्यापक होते. बदीउज्जमाँ खावर मराठी कविता उर्दूत नेता नेता स्वतः मराठीत गझला लिहायला लागले. आमच्याच जिल्ह्यातल्या पनवेलला १९४१ मध्ये जन्मलेले सलाम बिन रज्जाक मुंबईत महापालिकेच्या शाळेत मास्तर होते. कथांसाठी त्यांना २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ त्यांनी उर्दूत नेली. २०२४ मध्ये ते गेले. माझा अंदाज असा की कोकणातल्या माणसाला मराठी कानाने येते आणि उर्दू डोळ्याने, म्हणून त्याला मराठीतून उर्दूत जाणं स्वाभाविक वाटतं. जे ऐकलं ते लिहायचं. खालाजानच्या पत्रासारखंच. उलट दिशेने जाताना कागदावरच्या भाषेला बोलतं करावं लागतं आणि तिथे आमची दमछाक होते. मी उर्दू कथा मराठीत करतो तेव्हा निवेदन झरझर होतं आणि संवादापाशी दिवस जातो. चाळीतला माणूस उर्दूत बोलतोय. तो मराठीत कुठली मराठी बोलेल? पुण्याची नाही. मग मी त्याला महाडच्या एसटी स्टँडवर उभा करून बघतो.

संपादकांची अपेक्षा निराळीच असते. उर्दू म्हटलं की त्यांना गझल हवी, नाहीतर फाळणी. मी एकदा उर्दू पत्रलेखनाच्या रिवाजांवर लिहून पाठवलं, तर छान आहे पण यात एखादा शेर घालता येईल का, असं उत्तर आलं. शेर मलाही आवडतात. पण त्या विषयात नव्हता.

सध्या हातात आहे ते काम माझ्याकडे पोलादपूरहून आलं. तो तालुका वारकऱ्यांचा. डोंगरातल्या वाड्यांवर सप्ताह चालू असतो. तिथले एक कीर्तनकार बुवा माझ्या पहिल्या शाळेच्या वेळचे परिचित. ते एकनाथांची ‘अर्जदस्त’ घेऊन आले. नाथांनी हे भारूड चक्क सरकारी अर्जाच्या नमुन्यात लिहिलंय. देह म्हणजे परगणा, जीव शेकदार, बुद्धी कारकून, आणि वरच्या धन्याला कळवायचंय की गावाची वसुली कशी बुडाली, म्हातारपण कसं चालून आलं. शब्द जवळजवळ सगळे दफ्तरी फारसीचे. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, नाथ स्वतः हिशेबात वाकबगार. त्यांना ही भाषा कचेरीतच भेटली असणार. त्यांनी तिच्यातून देवाला अर्ज केला.

बुवा म्हणाले, “मास्तर, मी पाठ म्हणतो, लोक हसतात, टाळ्या वाजवतात. पण मलाच निम्मं कळत नाही.”

“लोक हसतात ना? मग अर्थ कशाला हवा?”

“हसतात ते शब्दाच्या आवाजाला. हसायचं कशाला ते मला सांगायचंय त्यांना.”

आम्ही एकेक शब्द धरून बसतो. शेकदार कोण, त्याचे अधिकार काय, अर्जाला सलामीचा मायना का लागतो. मायन्यापाशी मी त्यांचा पुरता अर्धा तास घेतला, कारण ती बैठक माझी आहे, त्यावर मला बोलता येतं. पुढे वसुलीचे शब्द लागले तिथे बुवा मला शिकवतात. त्यांच्या घरी खोताच्या वेळचे कागद आहेत. एका शब्दावर आमचं अजून जमलेलं नाही. ते म्हणतात नाथांनी मुद्दाम मोडलाय, मी म्हणतो नकलणाऱ्याने मोडलाय. एकादशीला त्यांचं कीर्तन आहे आणि मला उत्तर द्यायचंय, म्हणून गुरुवारी मुंबईला जाऊन जुनी छापील गाथा बघून येणार आहे.